दिसली? आता वाढवा

निंबोरे सर इंग्रजी शिकवताना वर्गाला डोळे मिटायला लावत. पहिल्या पाच मिनिटांपुरते नव्हे, पूर्ण तास. फळ्याला पाठ टेकून ते स्वतःही डोळे मिटून उभे राहत आणि जवळजवळ अंगाई म्हटल्यासारख्या आवाजात सांगत, "वन गोट. एक शेळी. दिसली?"

"दिसली, सर," वर्ग म्हणे.

"रंग?"

कुणी काळी म्हणे, कुणी कबरी.

"आता वाढवा."

मग शांतता. दुपारचे तीन वाजलेले, वरचे पत्रे तापून कडकड वाजत असलेले, आणि आत चौतीस मुले-मुली आपापली शेळी वाढवत बसलेली. पुरेसा कळप झाला असे वाटले की सर म्हणत, "आता शब्द. गोट्स." शेवटचा 'स' ते इतक्या उशिरा आणि इतक्या हलक्या आवाजात लावत, की शेवटची शेळी आत आल्यावर कुणीतरी फाटक लोटून घेतले असे वाटे.

मी तेव्हा नगरच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर म्हणून मिरजगावात राहत होतो. सत्तर-एकाहत्तरचा सुमार. पाऊस दोन वर्षे हुलकावणी देत होता आणि माझ्या बहुतेक बातम्या विहिरींच्या तळाबद्दल असत. माझी आणि सरांची खोली शेजारी शेजारी होती, मध्ये एक भिंत. शाळा रस्त्यापलीकडे. अकरावीचा, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकचा, इंग्रजीचा तास माझ्या खिडकीत बसून ऐकता येई. मी तो ऐकत असे. पुष्कळदा ऐकता ऐकता माझेही डोळे मिटत.

सर बत्तीस वर्षांचे होते. उंची बेताची, पांढरा सदरा, एकच खाकी पँट. लग्न झालेले नव्हते. "वस्तू आधी, शब्द नंतर" हे त्यांचे पहिले तत्त्व. दुसरे तत्त्व असे, की जी वस्तू डोळे मिटून वाढत नाही तिचे अनेकवचन इंग्रजही करत नाहीत. याचा पुरावा म्हणून ते दूध देत.

"मिल्क. दिसलं?"

"दिसलं."

"वाढवा. दोन दुधं बघा."

मागून एक पोरगा म्हणाला, "सर, दिसली. दोन तांब्यांत हायेत."

"मग तू तांबे मोजलेस. दूध कुठं मोजलंस? तांबे बाजूला काढ बरं."

पोराने डोळे मिटूनच तांबे काढले असावेत, कारण थोड्या वेळाने तो हताशपणे म्हणाला, "सांडलं की वो, सर."

"सांडणारच. जे सांडतं त्याला 'स' लागत नाही. लिहून घ्या."

गावाने त्यांचे नाव 'अनेकवचनी मास्तर' ठेवले होते. "राम एकवचनी, आमचं मास्तर अनेकवचनी," असे चहावाला बाबूराव प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगे. सरांना त्याचे वाईट वाटत नसे. ते चहा घेता घेता बाबूरावालाच विचारत, "चिमटा एक की दोन?" बाबूराव चिमट्याकडे बघत राही. "इंग्रज त्याला दोन समजतो. कात्रीला दोन समजतो. माझ्या या पँटलासुद्धा दोन समजतो."

"बगा की," बाबूराव म्हणे, "हितं तुमाला येक बदलायला न्हाई, आन् त्यो दोन समजतोय."

एकदा ते एसटीने काष्टीच्या बाजाराला गेले. कारण मला नंतर कळले. 'शीप' हा शब्द एक असो की शंभर, बदलत नाही, हे त्यांना पटत नव्हते. ते मेंढरांच्या एका खांडासमोर जाऊन डोळे मिटून उभे राहिले. जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली हात घालून बोटे दाबून भाव ठरतो. तोंडाने कुणी बोलत नाही. एका दलालाने हा मिटल्या डोळ्यांचा, ओठ हलवणारा गंभीर माणूस पाहिला, मोठा व्यापारी समजून त्याचा हात उपरण्याखाली ओढला आणि बोटे दाबली. सरांनी तंद्रीत बोटे दाबून उत्तर दिले. अकरा मेंढरांचा सौदा पक्का झाला. तो मोडायला दोन तास आणि एका ओळखीच्या धनगराची रदबदली लागली. परत आल्यावर ते मला म्हणाले, "पटलं मला. अकरा होती, पण चेहरा एकच होता. इंग्रज मेंढरात राहिलेला असणार."

शिक्षणखात्याचे एक साहेब तपासणीला आले तो प्रसंग गावात बरीच वर्षे सांगितला जाई. साहेब दारात आले तेव्हा सगळा वर्ग डोळे मिटून होता, सरही.

"हे काय चाललंय?"

सरांनी डोळे उघडले नाहीत. "एक मिनिट, साहेब. शेळ्या वाढतायत."

"मुलं झोपलीत!"

"विचारा तुम्ही."

साहेबांनी खिडकीजवळच्या मुलीकडे बोट केले. बोट तिला दिसणे शक्य नव्हते, म्हणून सरांनी नाव सांगितले. यमुना. रंगनाथ नावाच्या ऊसतोड्याची मुलगी. साहेबांनी 'टूथ'चे अनेकवचन विचारले.

"टीथ," यमुना मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. मग जरा थांबून, "आज्जीचे तीन."

साहेबांनी 'चाइल्ड' विचारले. "चिल्ड्रन." 'लीफ' विचारले. "लीव्ह्ज." 'वॉटर' विचारले.

"त्याला न्हाई व्हत, सर. औंदा तर येकसुद्दा न्हाई."

साहेब हसले नाहीत, पण शेऱ्यात काही वाईटही लिहिले नाही. यमुनाचे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. ती मॅट्रिकला बसणार होती. तिच्या वस्तीवरून आजवर कुणी बसले नव्हते.

सरांची आणखी एक सवय मी टिपून ठेवली होती. दसरा झाला की आष्टीकडून ऊसतोडणीच्या बैलगाड्या आमच्या गावावरून कारखान्यांकडे जाऊ लागत. बांबू, चटया, कोंबड्या, भांडी, म्हातारी आणि लेकरे लादलेल्या गाड्यांची रांग सकाळपासून दिवस मावळेपर्यंत चाले. त्या आठवड्यात सर शाळा सुटल्याबरोबर फाट्यावर जाऊन उभे राहत. हातात फडक्याचे एक गाठोडे. एरवी सतत मिटलेले डोळे त्या दिवसांत टक्क उघडे असत. कधीतरी ते एका गाडीबरोबर वीसेक पावले चालत, गाठोडे आत टाकत आणि परत फिरत. मी विचारले तेव्हा म्हणाले, "'ऑक्स'चं 'ऑक्सन' बघतो. सराव राहतो." मी ते खरे धरले. बातमीदाराने धरायला नको होते.

एकाहत्तरच्या दसऱ्यानंतर, दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या संध्याकाळी रंगनाथ सरांकडे आला. मी ओट्यावरच होतो. तो पायरीखाली उभा राहिला.

"सर, यमुनाचं नाव काडा शाळंतून."

"का?"

"मुकादमाला येक कोयता सांगितलाय. परवा निगायचंय."

"मग?"

"तिची आई न्हाई औंदा." यमुनाची आई उन्हाळ्यात तापाने वारली होती. "आता यमुनीला न्यावं लागतंय."

मला उलगडा होईना. रंगनाथनेच सांगितले, लहान मुलाला सांगावे तसे. उसाच्या फडात कोयता म्हणजे हत्यार नव्हे. कोयता म्हणजे जोडी. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने त्याच्या मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. बहुतेक नवरा-बायको. दोघे मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता.

"आन् अर्द्याला टोळीत कोन घेत न्हाई," रंगनाथ म्हणाला. "दुसरा अर्दा मोकळा असंल तर जोडत्यात. औंदा कोन मोकळा न्हाई. शब्द दिल्याला हाय."

दोन माणसे आणि मोजायला एक. अशी वस्तू हाती लागली की सर एरवी हरखून जात, दोन दिवस गावभर तिच्याबद्दल बोलत. त्या संध्याकाळी ते नुसते डोळे मिटून बसले. रंगनाथ माझ्याकडे बघू लागला.

"परीक्षा मार्चात आहे," सर म्हणाले.

"म्हाईत हाय, सर. रडती ती. पर मी तरी काय करू? पुडल्या वर्षी बशील म्हनलं."

"पुढल्या वर्षी कुणी बसत नाही." हे ते जरा मोठ्याने म्हणाले. मग, "दुसरा अर्धा बाईच लागते का?"

"छ्या. बाप-ल्योक असत्यात, भाव-भाव असत्यात. दोन हात असले म्हंजी झालं."

"मग यमुना चुलतीकडं राहू दे. नाव काढायचं नाही. अर्ध्याचं मी बघतो."

रंगनाथ गेला. सर कुणाला तरी शोधतील असे मी समजलो.

दिवाळीची सुट्टी संपली. शाळा भरली. सर आले नाहीत. मुख्याध्यापकांकडे त्यांचा बिनपगारी रजेचा अर्ज होता. कारण, घरगुती अडचण. मुख्याध्यापक स्वतः इंग्रजीचा तास घेऊ लागले. ते डोळे उघडे ठेवून शिकवत. वर्गाला ते जड गेले.

गावात तीन मते होती. सरांनी पुण्याला लग्न केले, हे एक. अनेकवचनाने अखेर डोके फिरले, हे दुसरे. तिसरे बाबूरावाचे होते. "म्येंढरं घ्याया गेल्यात," तो म्हणे.

पण दर आठवड्याला एसटीचा कंडक्टर शाळेत एक जाड पाकीट टाकून जाई. आत सरांच्या अक्षरातले सराव असत. आज 'नाइफ' बघा. मूठ बघा, पाते बघा, मग वाढवा. आज 'फूट' बघा, चिखलातला. मुख्याध्यापक ते मोठ्याने वाचत. कागद एकमेकांना चिकटलेले असत आणि त्यांना गोडसर, आंबूस वास येई. तो कसला, हे वर्गात फक्त यमुनाला ठाऊक असावे. ते कागद सोडवायचे काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

मार्गशीर्षात मला कारखान्यांच्या भागातून एक मजकूर द्यायचा होता. मी प्रवरेच्या बाजूला गेलो. सकाळी तिथे धुके इतके होते की ऊस दिसत नव्हता, फक्त त्याचे पांढरे तुरे हवेत तरंगत होते. तुऱ्यांच्या खालून कोयत्यांचे सपासप आवाज येत होते आणि माणसे नव्हतीच. मग धुक्यातून एक मोळी चालत आली. मोळीखाली खाकी पँट होती, घोट्यापाशी सुतळीने बांधलेली. ती पँट मी ओळखली.

"बाजू, बाजू," मोळी म्हणाली. मग थांबली. "तुम्ही इथं कसे?"

मी हाच प्रश्न विचारला. सरांनी मोळी गाडीशी टाकली. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. उसाचे पाते कातडी कापते.

"तोडायला जमेना मला. रंगनाथ तोडतो, मी बांधतो," ते म्हणाले, वर्गात सांगावे इतक्या साध्या आवाजात.

शेजारच्या ओळीतून एका बाईचा आवाज आला, "रंगनाथभावजी, तुमच्या मंडळींना म्हनावं, मोळी सैल बांधलीया!" धुक्यात बऱ्याच बाया हसल्या.

"ऐकलंत?" सर म्हणाले. "एका बायकोला मंडळी. मराठीत असं का, ते मी इथं आल्यावर विचार केला. एकटीच्या डोक्यावर काय काय असतं ते मोजून म्हणत असतील."

दुपारी उसाच्या वाढ्यांनी, शेंड्यांच्या पाल्याने, शाकारलेल्या कोपीत बसून आम्ही भाकरी खाल्ली. रंगनाथ बाहेर बैलांना वाढे टाकत होता. धुके उतरले होते पण उजेड अजून दुधासारखा होता. सर एका कागदावर सराव लिहीत होते. बोटे वळत नव्हती. मी बातमीदारासारखे विचारले, की हे कशासाठी. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"माझे आई-बाप कोयताच होते. मी पाचवीत होतो तेव्हा आई गेली. बाप अर्धा राहिला. मग माझी बहीण चंद्रा गेली त्याच्याबरोबर. तेरा वर्षांची. मला मामाकडं ठेवलं, शाळेसाठी. ती माझ्याहून हुशार होती. चौथीत पहिली आली होती."

मी वही मिटली.

"सुट्टीत मी फडावर जायचो. नवीन नवीन इंग्रजी सुरू झालेलं. ती विचारायची, काय शिकलास? मी पुस्तक दाखवायचो. पण तिच्या डोक्यावर मोळी. मान हलवता यायची नाही. म्हणायची, मला बघता येत नाही, तू सांग, मी डोळे मिटून बघते. मी म्हणायचो, वन काउ. ती मोळी घेऊन चालता चालता डोळे मिटायची. म्हणायची, दिसली. आता? मी म्हणायचो, काउज. तर म्हणायची, थांब, आधी गोठा झाडू दे."

ते हसले. मग चिंधीची गाठ सोडून पुन्हा बांधू लागले.

"पुढं आष्टीकडं दिली तिला. तिथंही कोयताच. दरवर्षी आपल्या फाट्यावरून जाते. गाड्या थांबत नाहीत. मागच्यांचा खोळंबा होतो. मी गाठोड्यात शेंगदाण्याचे लाडू देतो. वीस पावलांत काय बोलणार? ती एवढंच विचारते, काय शिकलास? मी सांगतो, आता शिकवतो. दरवर्षी तेच विचारते. मला वाटतं, तिला अजून मी पाचवीतलाच दिसतो. मलाही ती तेरा वर्षांचीच दिसते, डोळे मिटले की. म्हणून त्या आठवड्यात मिटत नाही."

बाहेरून रंगनाथने हाक मारली, "सर, चला. गाडी रिकामी हाय."

सर उठले. सरावाचा कागद मला देऊन म्हणाले, "पाकिटात टाका. कंडक्टर आज उशिरा येतो." वरच्या ओळीत लिहिले होते, आज 'सिस्टर' बघा. खाली वाढवा असे लिहून खोडले होते.

मी मजकूर पाठवला. त्यात उसाचे क्षेत्र होते, गाड्यांच्या रांगा होत्या. सरांचा उल्लेख नव्हता.

संक्रांतीनंतर टोळीतल्या एकाची बायको बाळंतपणाला माहेरी गेली. तो अर्धा मोकळा झाला आणि मुकादमाने त्याला रंगनाथशी जोडला. दुसऱ्या दिवशी सर शाळेत हजर. कुणाला काही सांगितले नाही. त्यांना खडू धरता येत नव्हता. पहिल्याच तासाला ते म्हणाले, "यमुना, तू लिही फळ्यावर." परीक्षेपर्यंत फळ्यावर तीच लिहीत होती. बाकीचा वर्ग डोळे मिटून असे. तिला मिटता येत नसत, आणि ती सरांच्या हातांकडे न बघण्याचा प्रयत्न करी.

जूनमध्ये निकालाच्या दिवशी मी नगरला आमच्या कचेरीत होतो. नंबरांची यादी आली. मी बोट ठेवून खाली आलो. यमुनाचा नंबर होता. त्या दिवशी मी शेवटच्या एसटीची वाट पाहिली नाही, टेम्पोने गेलो. सर ओट्यावर होते. मी सांगितले. त्यांनी डोळे मिटले. रंगनाथ मागून येऊन उभा राहिलेला त्यांना कळलेही नाही. तो मला हळूच म्हणाला, "बगू द्या त्येनला. आजून बगत्यात."

त्या पावसाळ्यात पाऊस आलाच नाही. दसऱ्यानंतर गाड्या लवकर निघाल्या आणि नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त. सर फाट्यावर गेले. मीही गेलो, या वेळी मुद्दाम. यमुना नगरला शिक्षिकेच्या कोर्सला होती, सुट्टीला आली होती. तीही आली. गाठोडे तिच्या हातात होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी, मधल्या सुट्टीत, ती गाडी आली. पुढे एक माणूस बैल हाकत होता. मागे चुलीच्या दगडांशेजारी एक वाळलेली बाई बसली होती. केस पिकलेले. सर गाडीबरोबर चालू लागले. यमुना दुसऱ्या बाजूने. मी चार पावले मागे.

"काय शिकलास?" बाईने विचारले.

सरांनी नेहमीचे उत्तर दिले नाही. यमुनाकडे हात केला.

"ही कोन रं?"

"माझी विद्यार्थिनी. हिचा बाप कोयत्याला जातो. ही मॅट्रिक झाली, अक्का."

यमुनाने गाठोडे गाडीत ठेवले. बाईने तिच्याकडे नीट पाहिले, पायांपासून वेणीपर्यंत. मग तिने डोळे मिटले. गाडी खड्ड्यातून गेली, भांडी वाजली, तरी उघडले नाहीत.

"दिसली," ती म्हणाली. "आता वाढव."

वीस पावले केव्हाच झाली होती. सर परत फिरले नाहीत. गाडीच्या दांडीला हात लावून ते चालत राहिले, शाळेची घंटा झाली तरी. ते दूरवर धुळीत दिसेनासे होईपर्यंत मी पाहत राहिलो. नंतर यमुना वळली आणि शाळेकडे गेली. अकरावीचा तास रिकामा होता.

मी खोलीवर येऊन खिडकीत बसलो. थोड्या वेळाने पलीकडून एका मुलीचा आवाज आला, जरा घाबरलेला, पण हळू आणि स्पष्ट. ती वर्गाला डोळे मिटायला सांगत होती.